अंबूच्या वाढदिवसाची धार

मित्रांनो, मी एक म्हातारी म्हैस आहे आणि माझं नाव हरणी आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढं तशी संधी कमी मिळेल. एवढं अवाढव्य अंग, आणि नाव हरणी! पण स्वतःचं नाव स्वतः ठेवायची सोय जशी तुमच्यात नाही, तशी आमच्यातही नाही. हे नाव हंबीररावांनी ठेवलं. जन्मल्यावर धड उभी राहायच्या आधीच मी म्हणे उड्या मारायला बघत होते.

सध्या मी जोतिबाच्या डोंगराखाली एका वाडीत असते. दात झिजलेत, कडबा चघळायला वेळ लागतो. वाडीतली पोरं शाळा सुटली की माझ्या पाठीवर चढून बसतात आणि मी त्यांना बसू देते. लहान मुलाला नाही म्हणणं मला कधी जमलंच नाही. माझी सगळी गोष्ट त्यातूनच घडली आहे.

माझा जन्म कोल्हापुरातला, मंगळवार पेठेतला. शहरात म्हशी कशा, असं विचाराल तर तुम्ही तेव्हाचं कोल्हापूर पाहिलेलं नाही. घरं दाटीवाटीची, तरी आमच्या घरापुढं हातभर अंगण होतं आणि अंगणाच्या कडेला छपरात आम्ही होतो. सकाळी रंकाळ्यात डुंबायला जायचं, दुपारी रवंथ करत पडायचं आणि संध्याकाळी चौकातल्या कट्ट्यावर उभं राहायचं. तिथं गिऱ्हाइकं येऊन थांबलेली असायची. हंबीरराव, ज्यांना सगळी गल्ली आबा म्हणायची, उकिडवे बसून थेट पेल्यात धार मारायचे. फेस पेल्याच्या वर यायचा. तालमीतले पैलवान, कचेरीतले कारकून, सिनेमाला निघालेली मंडळी, सगळे तिथंच उभ्यानं प्यायचे आणि मिशा पांढऱ्या करून जायचे. ज्यांना मिशा नव्हत्या त्यांनाही तेवढ्यापुरत्या यायच्या.

गल्लीच्या तोंडाशी मौलालींचं सायकलचं दुकान होतं. पण दिवाळी जवळ आली की ते सायकली बाजूला सारायचे आणि म्हशी भादरायला बसायचे. कातरीनं पाठीवर मोर काढावा तर मौलालींनीच. पाडव्याला माझी शिंगं रंगवायचे, त्यांना मोरपिसं बांधायचे, गळ्यात घुंगरांचा पट्टा घालायचे. मग आबा सायकलवर पुढं आणि मी दाव्याशिवाय त्यांच्या मागं, भर रस्त्यातून पळत. लोक दोन्ही बाजूंनी बघायचे. मी दिसायला फार देखणी होते असं नाही, पण त्या दिवशी मला तसं वाटायचं.

असं सगळं चांगलं चाललेलं असताना सन शहात्तर उजाडायच्या आधीच्या श्रावणात मी व्याले आणि माझं रेडकू दगावलं. चार दिवसही जगलं नाही. म्हशीचं दूध तिच्या रेडकाच्या तोंडानं उतरतं, मित्रांनो. रेडकू गेलं की कास दगडासारखी होते. विठाबाईंनी, म्हणजे आबांच्या बायकोनं, पुढ्यात सरकीची पेंड ठेवून बघितली. मी पेंड खाल्ली आणि दूध दिलं नाही. मुद्दाम नाही. पान्हा म्हणजे खिशातून काढून द्यायची वस्तू नव्हे, तो आतून उतरावा लागतो.

मग आबा माझ्याजवळ बसायला लागले. माझ्या कुशीला कपाळ टेकायचे आणि बोलायचे. "हुऽऽ हरणे, हुऽऽ माझी बाय," मग तंबाखूचा एक खोकला, मग "सोड गं, सोड." दिवसचे दिवस त्यांनी हेच केलं. आणि एका सकाळी त्यांच्या त्या हाकेबरोबर माझ्या अंगातून काहीतरी सैल होत खाली गेलं आणि धार लागली. आबा रडले. मीही रडले असते, पण म्हशीचे डोळे तसेही नेहमी ओलेच असतात, कुणाला फरक कळत नाही.

त्या दिवसापासून मी एकहाती झाले. म्हणजे एकाच माणसाला दूध देणारी. ती हाक कानावर आली की कासेत दूध उतरायचं आणि पाय आपोआप हाकेकडं वळायचे. दुसऱ्या कुणी कितीही चुचकारलं तरी काही नाही. आबांना याचा मनातून अभिमान होता. "हरणी माझ्याबिगर कुनाला वळखत न्हाय," असं ते कट्ट्यावर सांगायचे, आणि एखाद्यानं पैजेवर बसून बघितलं की त्याची फजिती लांबून बघायचे. या अभिमानाचं पुढं काय होणार आहे हे तेव्हा त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही.

आबांची नात अंबू तेव्हा पाचव्या वर्षात होती. रोज सकाळी हातात पितळेचं फुलपात्र घेऊन ती आबांच्या पाठीला चिकटून बसायची. पहिली धार तिची. आबा हाक मारायचे तेव्हा तिचे ओठ हलायचे. मी बघायचे, पण त्याचं काही वाटलं नाही. पोरंच ती, त्यांचे ओठ सदा हलतच असतात.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी आबा वैरण टाकायला आले आणि माझ्या पुढ्यातच कोसळले. उजवं अंग दुमडल्यासारखं झालं. तोंड वाकडं होऊन मातीला लागलं. मी हंबरले. जेवढा घसा होता तेवढ्यानं हंबरले. आतून त्यांच्या सुनेचा, शालनचा आवाज आला, "आले गं, जरा दम धर की." तिला वाटलं मला भूक लागली. मी पुन्हा हंबरले, दावं ताणलं. तिनं दारातूनच, इकडं न बघता, कडब्याची पेंढी टाकली आणि चुलीकडं गेली. पेंढी आबांच्या पायांवर पडली. विठाबाई आंघोळ करून बाहेर येईपर्यंत ते तसेच पडून होते आणि मी त्यांच्याकडं बघत उभी होते. त्या सकाळी मला माझ्या जिभेचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कधी आला नाही.

आबा वाचले. पण उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचा गेली. त्यांची खाट सोप्यात दाराशी टाकली, म्हणजे त्यांना अंगण दिसावं. अंगणात मी होते. आम्ही दिवसभर एकमेकांकडं बघायचो. पूर्वी दोघांत एक तरी बोलणारा होता, आता तोही राहिला नाही.

इथून खरी अडचण सुरू झाली. पहाटे मी जराशी हलले, गळ्यातली घंटा वाजली की आबा खाटेवरून उठायला बघायचे. बसलेली सवय, तिला काय माहीत अंग लुळं पडलंय ते. ते दोनदा पडले. दुसऱ्यांदा कपाळ फुटलं. डॉक्टरांनी त्यांच्या मुलाला, जोतीरामला, बाजूला घेऊन सांगितलं की आणखी एकदा पडले तर उठायचे नाहीत. जोतीराम उद्यमनगरात एका फाउंड्रीत कामाला होता. सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. बापाला खाटेला बांधून ठेवता येत नाही, तेव्हा त्यानं ठरवलं की म्हैसच दारातून हलवायची. पोरगा वाईट नव्हता. वाईट असता तर मला त्याच्यावर रागावता तरी आलं असतं.

पण मला नेणार कोण? गवळी यायचे, शिंगं बघायचे, दात बघायचे, खूश व्हायचे. मग धार काढायला बसायचे आणि रिकामी चरवी घेऊन उठायचे. "एकहाती हाय ही. न्हाय जमायचं," असं म्हणून निघून जायचे. विठाबाईंना मी तांब्याभर दूध कसंबसं द्यायचे, तेही त्यांच्या अंगाला आबांचा वास यायचा म्हणून. दर गिऱ्हाईक परत गेलं की आबा खाटेवरून माझ्याकडं बघायचे आणि त्यांचा तोंडाचा चांगला कोपरा वर जायचा. ते हसायचे. माझ्या न देण्यावरच माझं त्या घरात राहणं टिकून होतं, हे आम्हा दोघांना पक्कं माहीत होतं.

माघात अंबूचा पाचवा वाढदिवस आला. जोतीरामनं फाउंड्रीतल्या साहेबाच्या पोराचा वाढदिवस बघितला होता, म्हणून त्यानं महाद्वार रोडवरून फुगे आणले, बेकरीतून केक आणला. शालननं गव्हाची खीर आणि मटणाचा रस्सा असा बेत ठरवला. केक, खीर आणि रस्सा एका पंगतीत कसे बसणार याची काळजी फक्त विठाबाईंना होती. मौलालींना कुणी सांगितलंही नव्हतं, तरी ते आदल्या दिवशी कातरी घेऊन आले आणि पाडवा नसताना माझ्या पाठीवर मोर काढून गेले. आबा खाटेवरून बघत होते, म्हणून मौलालींनी माझं तोंड मुद्दाम पलीकडं करून पाठ आबांकडं ठेवली.

शालनचे मामा पिराजी जोतिबाच्या पायथ्याच्या वाडीहून आले होते. ते म्हशींतलं जाणणारे. आल्या आल्या त्यांनी माझी कास चाचपली, बसून बघितलं, आणि हात धुताना म्हणाले, "जनावर सोन्यासारखं हाय जावईबापू, पर माझ्या कामाचं न्हाय." जोतीरामचा चेहरा पडला. मी शांतपणे रवंथ करायला लागले.

आता त्या घराची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. आबांच्या घरात पोराचा वाढदिवस म्हणजे गोठ्यापुढं पाट मांडायचा, पोराला त्यावर बसवायचं, ओवाळायचं, आणि मग घरातल्या थोरल्यानं म्हशीच्या सडातून सरळ पोराच्या तोंडात धार मारायची. भांडं मधे नाही. तोंडात गेली तर पोरगं वर्षभर ठणठणीत राहणार, आणि नाकात गेली तर खोडकर निघणार, असं आबा सांगायचे. जोतीरामही लहानपणी त्या धारा प्यायला होता. त्याच्या नाकात बऱ्याच गेल्या असाव्यात असं विठाबाई म्हणायच्या.

त्या दिवशी सकाळपासून आबा डावी मूठ मिटत होते आणि उघडत होते. मिटत होते आणि उघडत होते. शालननं पाणी आणून दिलं. जोतीरामनं उशी नीट केली. शेजारच्या बाईनं हाताला मुंग्या आल्या असतील म्हणून तेल चोळलं. विठाबाई खीर ढवळता ढवळता उठून आल्या, मुठीकडं क्षणभर बघितलं आणि म्हणाल्या, "पोरीची धार त्येंनाच काढायची हाय."

जोतीराम नको म्हणाला. पडले तर काय, डॉक्टर काय म्हणाले, सगळं त्यानं बोलून दाखवलं. विठाबाईंनी ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाल्या, "एक डाव बसू दे त्येंना. म्होरल्या वर्साचं कुनी बगितलंय?"

दुपारी जोतीराम आणि मौलालींनी आबांना उचलून आणलं. उकिडवं बसता येत नव्हतं, म्हणून लहान स्टुलावर बसवलं. मौलाली पाठीमागून त्यांना धरून राहिले. अंबू नवा फ्रॉक घालून पाटावर बसली होती. कपाळावर ओल्या कुंकवाचा टिळा, डोक्यावर कागदी टोपी. शेजारपाजारचे, पिराजी, सगळे अंगणात गोळा झाले होते. फुगे वाऱ्यानं माझ्या शिंगांपाशी येत होते. एरवी मी बिथरले असते. त्या दिवशी मी पाय रोवून उभी राहिले.

आबांनी माझ्या कुशीला कपाळ टेकलं. किती दिवसांनी. त्यांच्या अंगाला औषधाचा वास होता आणि त्याच्या खाली त्यांचा वास होता. डाव्या हातानं त्यांनी सड धरला. मग त्यांनी हाक मारली.

ती हाक नव्हती, मित्रांनो. घशातून कसलासा घरघरता आवाज आला आणि लाळेबरोबर खाली सांडला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तसंच. मला कळत होतं ते कोण आहेत. मला कळत होतं त्यांना काय हवंय. माझ्या कासेत दूध भरलेलं होतं, ठणकत होतं. मी मनातल्या मनात म्हटलं, सोड, हरणे, सोड. अंगानं ऐकलं नाही. अंगाला ती हाक हवी होती, आणि हाक त्या तोंडात उरली नव्हती. आबा सड ओढत राहिले. अंबूनं आ केला होता, तो तिनं हळूच मिटला.

कुणीतरी म्हणालं, खीर गार होतीय. जोतीराम बापाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आबा, बास करा आता. पोरगी ताटकळलीया." आबांनी मान हलवली आणि सड सोडला नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येऊन माझ्या कातड्यावर उतरत होतं. मला ते कळत होतं आणि मी नुसती खांबासारखी उभी होते.

तेवढ्यात अंबू पाटावरून उठली. टोपी सावरत आबांच्या पाठीशी आली, रोज सकाळी बसायची तिथंच. आबा पडल्यापासून तिला गोठ्याकडं येऊ देत नव्हते, म्हैस लाथ मारेल म्हणून. तिनं आबांच्या कानाजवळ तोंड नेलं, जणू त्यांना विसरलेला शब्द सांगते आहे, आणि म्हणाली,

"हुऽऽ हरणे, हुऽऽ माझी बाय," मग आबांसारखीच खोकली, अगदी घसा खरवडून, "सोड गं, सोड."

आवाज कोवळा होता, पण चाल तीच, थांबणं तेच, खोकला तोच. माझ्या अंगातून ते ओळखीचं सैल होत खाली गेलं. आबांच्या मुठीत सड फुगला. पहिली धार वाकडी जाऊन मौलालींच्या दाढीवर बसली. लोक हसले. दुसरी अंबूच्या गालावर गेली, तिसरी टोपीवर, आणि मग तिनं आ करून तोंड पुढं केलं तेव्हा थेट तोंडात. आबा हसत होते. वाकड्या तोंडानं, आवाज न करता, सगळं अंग हलवून हसत होते. अंबूचा फ्रॉक भिजला आणि शालननं तो भिजू दिला. विठाबाईंनी पदर तोंडाला लावला होता. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ दूध दिलं, पण त्या एका धारेएवढा आनंद मला कशानंच झाला नाही.

त्या आनंदात मी एक गोष्ट विसरले. पिराजी विसरले नाहीत. आबांना उचलून खाटेवर नेल्यावर त्यांनी चरवी मागवली आणि अंबूला म्हणाले, "बाळ, आनी एकदा म्हन की." अंबूनं म्हटलं. पिराजी चरवी भरूनच उठले. मग जोतीरामकडं बघून ते म्हणाले, "ही एकहाती कुठं हाय? हिला ती हाक पायजे निस्ती. हाक काय, शिकता येती."

जेवणं झाली त्याच वेळी बोलणंही झालं, पिराजींनी मला न्यायचं ठरलं. पिराजींची वाडी मोकळी आहे, ओढा आहे, पोरं माया करतील, असं जोतीराम विठाबाईंना समजावत होता. ते सगळं खरं होतं. मग पिराजींनी अंबूला माझ्याजवळ आणलं आणि हाक शिकवायला सांगितली. थोरल्या माणसानं आपल्याकडून काही शिकावं याचा तिला केवढा आनंद! "असं न्हाय मामाआजोबा, लांब म्हनायचं. हुऽऽ. आन मदी खोकायचं." पिराजी खोकले. "आसं न्हाय, घशातनं." लोक पुन्हा हसले. पिराजी पुन्हा खोकले, आणि या वेळी बरोबर जमलं. मला ते कळलं, कारण माझ्या कासेला कळलं.

खाटेवर आबा डावा हात फळीवर आपटायला लागले. धाड, धाड, धाड. सोप्यातली माणसं वळली. जोतीराम हसून म्हणाला, "बगा, आबाबी खूश झाल्यात. नातीनं गुरूला मागं टाकलं." कुणीतरी टाळ्या वाजवल्या. अंबूला वाटलं आबा तिला शाबासकी देतायत, तिनं आणखी मोठ्यानं हाक म्हणून दाखवली. आबांचा हात आणखी जोरात आपटायला लागला. मी हंबरले. शालननं माझ्यापुढं पेंड आणून ठेवली.

विठाबाई उठल्या. त्या खाटेच्या कडेला बसल्या आणि त्यांनी आबांच्या मुठीवर आपले दोन्ही हात ठेवले. तो हात दाबून धरला. आबांनी तो सोडवायला बघितलं. विठाबाईंनी सोडला नाही. मी अंगणातून बघत होते. मला वाटलं, आता या बोलतील. या घरात आबांची मूठ वाचता येणारं हे एकच माणूस होतं.

त्या खाली वाकून म्हणाल्या, "तुमी काय म्हनताय ते मला कळतंय. पर मला म्हस नगो, तुमी पायजे."

आबांचा हात हळूहळू थांबला. मग त्यांनी तोंड भिंतीकडं केलं.

मी विठाबाईंना दोष देत नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. त्या माणसाला वाचवायचं म्हणून त्याच्याकडून त्याचं एकुलतं एक काम काढून घेतलं, आणि हे करणारी सगळी त्याच्यावर जीव टाकणारी माणसं होती. कुणाकडं बघून शिंग उगारायचं?

उन्हं उतरायच्या आत वाट चालायला हवी म्हणून पिराजींनी मला सोडलं. मौलालींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि ते दुकानाकडं वळले, मागं बघितलं नाही. बोळातून बाहेर रस्त्यावर येईपर्यंत अंबूला काही कळलं नव्हतं. ती फुगा घेऊन मागनं नाचत येत होती. तिला वाटलं मला रंकाळ्यावर नेतायत. मग तिनं उलट्या दिशेला वळलेली माझी मान बघितली, पिराजींच्या हातातलं माझं जुनं दावं बघितलं आणि बापाला विचारलं. जोतीरामनं नुसता तिचा हात धरला. तिनं फुगा सोडून दिला.

"हुऽऽ हरणे! हुऽऽ माझी बाय!"

मी थांबले. माझे पाय मागं वळले. पिराजींनी दावं ओढलं, मी हलले नाही. अंबू रडत रडत हाक मारत होती, आणि हाकेतला खोकला आता खराच येत होता. भर रस्त्यात माझ्या सडांतून दूध ठिबकायला लागलं. खाली भांडं धरायला कुणी नव्हतं.

पिराजी शहाणे. त्यांनी काठी उचलली नाही. जोतीरामला म्हणाले, पोरीला आत ने. जोतीरामनं तिला उचललं, तिचं तोंड आपल्या खांद्यात दाबलं आणि बोळात गेला. हाक बंद झाली. मग पिराजी माझ्या पुढं काही पावलं चालत गेले, वळले आणि त्यांनी हाक मारली. लांबवून, मधे घशातनं खोकून, अंबूनं शिकवली होती अगदी तशी. माझे पाय निघाले. मी त्यांना नको म्हणत होते, मित्रांनो. तरी ते निघाले.

त्याला आता बरीच वर्षं झाली. पिराजींनी मला चांगलं सांभाळलं. इथं ओढा आहे, सावली आहे, पोरं आहेत, जोतीरामनं सांगितलं होतं तसं सगळं आहे. मी रोज दूध दिलं. आबा पुढं किती दिवस होते, अंबूचे पुढचे वाढदिवस कसे झाले, मला माहीत नाही. माणसांत निरोप जातात, म्हशीला कुणी येऊन सांगत नाही. पहाटे जाग आली की मी मान हलवायची टाळते, घंटा वाजू नये म्हणून. इथं ती ऐकून खाटेवरून पडणारं कुणी नाही हे मला कळतं, तरी टाळते.

मित्रांनो, जनावरांना वेळेवर वैरण द्या, पाणी दाखवा, ते तर करालच. माझं मागणं दुसरं आहे. तुमच्या घरात एखादं माणूस असेल, ज्याला आता बोलता येत नाही. ते हात आपटेल, नाहीतर मूठ मिटेल आणि उघडेल. तेव्हा लगेच पाणी आणू नका, उशी सारखी करू नका, खूश झालंय म्हणून टाळ्या वाजवू नका. त्याच्याजवळ बसा. त्याला एक एक गोष्ट विचारा आणि हात थांबेपर्यंत विचारत राहा. उत्तर कळल्यावर ते पुरं करणं तुम्हाला जमणार नाही, असंही होईल. तरी विचारा. त्या दिवशी अंगणात आबांवर माया नसलेलं एकही माणूस नव्हतं, आणि हरणीला पाठवू का, एवढं त्यांना कुणीच विचारलं नाही.